घरच्या मिलिंग मशीनला व्हीएफडी बसवताना : माझा अनुभव

ठाण्यात घराला येणारी वीज बहुतेक ठिकाणी सिंगल फेज, २३० व्होल्ट. वागळे इस्टेटच्या गाळ्यांतून विकायला निघणारं जुनं मिलिंग मशीन मात्र थ्री फेज मोटरसकटच येतं. तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलेल्या माझ्या मशीनला १ एचपीची मोटर आहे. पाटीवर लिहिलंय : ४१५ व्होल्ट, १.९ अँपिअर, १४१० आरपीएम, स्टार (म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत बांधलेली). कपॅसिटर लावून अशी मोटर सिंगल फेजवर फिरते, पण जोर बराच घटतो आणि गती बदलायला बेल्ट सरकवणं चुकत नाही. म्हणून व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरची गती बदलणारा ड्राइव्ह) घेतला : ०.७५ किलोवॉटचा, सिंगल फेज इनपुट, थ्री फेज आउटपुट साडेचार अँपिअर.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. ड्राइव्ह आधी २३० व्होल्ट एसीचा डीसी करतो, साधारण ३२५ व्होल्टचा, आणि त्याचेच तुकडे पाडून थ्री फेज बनवतो. त्यामुळे सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह थ्री फेजसुद्धा २३० व्होल्टचीच देतो; ४१५ त्यातून निघत नाहीत. ४१५ व्होल्टच्या स्टार मोटरमधल्या प्रत्येक वाइंडिंगवर मुळात २४० व्होल्टच पडतात, म्हणून तीच मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात एकाला एक) जोडली की २३० व्होल्टवर पूर्ण जोराने चालते. स्टारमध्येच ठेवली तर वाइंडिंगला १३३ व्होल्ट मिळतात आणि ५० हर्ट्झला जोर एक तृतीयांशावर येतो.

हे माहीत असूनही पहिली चाचणी मी स्टारमध्येच घेतली, कारण टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायरी होत्या. रिकामी मोटर छान फिरली, आवाज नाही, गरम होणं नाही. १२ मिलिमीटरचा एंडमिल (मिलिंगचा कटर) एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, दीड मिलिमीटर खोल घातला आणि स्पिंडल जागीच थांबला, ड्राइव्हवर ओव्हरलोड आला. रिकामं फिरवून जोडणी बरोबर आहे की नाही ते कळत नाही, कापल्यावरच कळतं.

तीनच वायरी बाहेर असल्या तर स्टारची गाठ आत, वाइंडिंगच्या टोकाला वार्निशखाली दडलेली असते. ती खोदून काढायचं काम वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावं. वार्निश कडक असतं, तार तुटली तर अख्खी मोटर रिवाइंड करावी लागते. गाठ सोडवून तिन्ही टोकांना वायर जोडायची, स्लीव्ह घालायची आणि सहाच्या सहा वायरी बाहेर आणायच्या. जोड्या मल्टिमीटरने शोधायच्या. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा हवा, माझ्या मोटरला ११ ओहमच्या आसपास आला. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला याचा घोळ इथे होत नाही : आधीपासून बाहेर असलेल्या तीन सुरुवाती, गाठीतून निघालेले तीन शेवट. पहिल्यांना यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि दुसऱ्यांना त्यांच्या जोडीप्रमाणे यू२, व्ही२, डब्ल्यू२ अशा चिठ्ठ्या लगेच लावाव्यात. डेल्टासाठी यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. एखादी जोडी उलटी लागली तर मोटर गुरगुरते आणि करंट भलताच चढतो. ताबडतोब बंद करावी. डेल्टात पूर्ण भाराचा करंट १.७३ पट होतो, म्हणजे १.९ चे ३.३ अँपिअर. ड्राइव्ह निवडताना हा आकडा धरायचा.

मोटर हाताशी सुटी आहे तोवर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावून वाइंडिंग आणि बॉडी यांमधला रोध पाहावा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर ती मोटर ड्राइव्हला जोडू नये. पावसाळ्यात पडून राहिलेल्या मोटरीत ओल धरते. ती सुकवून पुन्हा मोजली की आकडा वर येतो. मोटर ड्राइव्हला जोडलेली असताना मात्र मेगर अजिबात लावायचा नाही, ड्राइव्ह जातो.

यानंतर मशीनवरचे जुने स्विच. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाही स्विच, स्टार्टर किंवा उलटसुलट फिरवणारा ड्रम स्विच राहता कामा नये. चालू मोटरची वायर मध्येच तुटली की ड्राइव्हच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो आणि कधीतरी तो फुटतो. ड्रम स्विचचा मुठीचा खटका मला ठेवायचा होता, म्हणून त्याच्यातली मोटरची वायरिंग पूर्ण काढली आणि त्याचे संपर्क ड्राइव्हच्या फॉरवर्ड-रिव्हर्सच्या २४ व्होल्टच्या टर्मिनलांना जोडले. कूलंटचा पंप आणि दिवा मोटरच्या लाइनवर असतील तर तेही वेगळे करावेत. ड्राइव्हच्या आउटपुटवर मोटरशिवाय काही चालवायचं नाही.

मीटरच्या बोर्डपासून स्वतंत्र लाइन ओढली : २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तेवढीच अर्थची, १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी. मोटर ३.३ अँपिअरची असली तरी हा ड्राइव्ह सिंगल फेजकडून पूर्ण भारावर नऊएक अँपिअर ओढतो, म्हणून घरातल्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर तो चालवू नये. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची चार कोअर शील्डेड केबल, फक्त दोन मीटर. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली, ड्राइव्हच्या बाजूला पूर्ण गोल क्लँपने.

आरसीसीबीने (अर्थला करंट गळू लागला की वीज तोडणाऱ्या स्विचने) पहिल्या दिवशी तीनदा वीज तोडली. ड्राइव्हमधल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट मुळातच अर्थला सोडतात, केबल लांब असेल तर त्यात भर पडते, आणि घरच्या एकाच आरसीसीबीवर फ्रिज, गीझर सगळं असलं की बेरीज ३० मिलिअँपिअरच्या जवळ जाते. मशीनच्या लाइनला वेगळा ३० मिलिअँपिअरचा ए टाइप आरसीसीबी दिला आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह डीसीचे तुकडे पाडतो तो वेग) ८ वरून ४ किलोहर्ट्झवर आणली; त्यानंतर त्रास नाही. ४ ला मोटर बारीक शिटी वाजवते, ती सोसावी. हा त्रास टाळायला अर्थची वायर सोडणारे किंवा आरसीसीबी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. लोखंडी मशीनला हात टेकून काम करणाऱ्याच्या जिवावर बेतणारं काम आहे ते, कधीही करू नये.

वीज जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. जुन्या स्टार्टरमध्ये ही सोय असते. तो काढला की आपल्यालाच ती करून द्यावी लागते. इनपुटला कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज असेपर्यंतच जुळून राहणारा स्विच), त्याला हिरवं बटण आणि लाल मश्रूम बटण असं केलं. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो. तेवढ्याने भागत नाही, कारण खटका फॉरवर्डवरच राहिला असेल तर हिरवं बटण दाबताच स्पिंडल फिरेल. म्हणून ड्राइव्हमधला वीज येताच सुरू न होण्याचा पर्यायही चालू केला. खटका एकदा मधे आणल्याशिवाय आता काही हलत नाही. कॉन्टॅक्टरने रोजचं चालू-बंद मात्र करू नये, कपॅसिटर वारंवार भरून इनपुटचा भाग लवकर थकतो.

सेटिंगमध्ये मोटरचे आकडे आधी : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३.३ अँपिअर, १४१० आरपीएम. वेग घ्यायला ३ सेकंद, थांबायला ३ सेकंद. थांबायला १ सेकंद दिला तेव्हा स्पिंडलची ऊर्जा उलट ड्राइव्हमध्ये येऊन डीसी ४०० व्होल्टच्या आसपास गेला आणि ओव्हरव्होल्टेजची ट्रिप आली. टॉर्क बूस्ट (कमी गतीला जोर टिकावा म्हणून दिलेला जादा व्होल्टेज) ३ टक्के. जास्त दिला की कमी गतीला मोटर रिकामीच तापते. कमीत कमी २० हर्ट्झ, जास्तीत जास्त ७५. गतीसाठी ५ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर. त्याची वायर आधी मोटरच्या केबलला बांधली होती, तेव्हा आकडा सारखा नाचायचा. १५ सेंटिमीटर लांबून नेली, शील्ड फक्त ड्राइव्हच्या टोकाला अर्थ केली, आकडा स्थिर झाला.

ड्राइव्ह आला म्हणून बेल्ट विसरू नये. ५० हर्ट्झच्या खाली टॉर्क तोच राहतो पण गतीच्या प्रमाणात पॉवर घटते. २५ हर्ट्झला १ एचपीची मोटर अर्ध्याच एचपीची असते. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने वाराही कमी. बेल्ट खालच्या पुलीवर टाकला तर तीच स्पिंडलगती जवळजवळ दुप्पट टॉर्कने मिळते. माझ्या पुल्यांवर ५० हर्ट्झला ३००, ६२० आणि १२५० आरपीएम येतात. २० मिलिमीटरच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरला एमएसमध्ये कापण्याचा वेग २५ मीटर प्रतिमिनिट धरला तर ४०० आरपीएम लागतात. ६२० ची पुली ३२ हर्ट्झवर चालवूनही ते मिळतात, पण ३०० ची पुली ६७ हर्ट्झवर चालवली की स्पिंडलला जोर स्पष्ट जास्त मिळतो. अॅल्युमिनिअमला ६ मिलिमीटरचा कटर लावला की १२५० ची पुली, ७५ हर्ट्झ, १८७५ आरपीएम. त्याहून वर न्यायचं तर स्पिंडलच्या बेअरिंगची मर्यादा आधी पाहावी.

ड्राइव्ह मशीनवर न बसवता भिंतीवर पत्र्याच्या बंद डब्यात, ३०० बाय ४०० मिलिमीटरच्या, उभा बसवला. वर-खाली १०० मिलिमीटर मोकळे. उघडा ठेवला तर त्याचा पंखा बिडाची भुकटी आत ओढतो, आणि ती भुकटी वीज वाहते. डबा उघडताना मेन बंद करून १० मिनिटं थांबायचं, मग डीसीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावून शून्याजवळ आल्याची खात्री करायची; डिस्प्ले विझल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार उरलेला असतो. महिनाभराने टर्मिनलचे स्क्रू पुन्हा तपासले तेव्हा मोटरच्या बाजूचे दोन पाव फेरा आणखी बसले. त्या वायरींना फेरूल (टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या) लावलेल्या नव्हत्या; आता लावल्या आहेत.