तट, कंगोरे आणि ठसे

भेंडीचे नि बटाट्याचे ठसे आपल्या शाळेतल्या प्रत्येकानेच कधी ना कधी उमटवले असतील. तेच ठसेकाम दुसरी ते चौथीच्या मुलांना आधी इमारत बघायला लावून शिकवलं, तर त्यांची नजर फार लवकर तयार होते. रेषेची गोडी मला याच शाळेत लागली. आता लहान मुलांना शिकवताना जे हाती आलं, ते सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून देतो आहे.

या कामाला सोलापूरसारखं गाव नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटावर कंगोऱ्यांची ओळ आणि गोल बुरूज आहेत, महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीला कमानी नि खांब आहेत, सिद्धेश्वराच्या देवळाभोवती तलावाचं पाणी आहे. तिथे नेऊन मुलांना ‘चित्र काढा’ म्हणू नये. आधी फक्त उभ्या रेषा शोधायच्या, मग आडव्या, तिरप्या, शेवटी वळणाच्या. वर्गात आल्यावर काळ्या कागदाचे चौकोन, त्रिकोण, अर्धगोल कापून तीच इमारत मांडायची. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे मूल इथेच ठरवतं. त्याआधी शाई काढूच नये.

ठशासाठी पूर्वी थर्माकोलच्या ताटल्या सर्रास वापरत. 2018 मध्ये राज्यात त्यांवर बंदी आली. आता दोन-तीन मिलिमीटर जाडीची फोमशीट घ्यावी. पोस्टकार्डाएवढा तुकडा पुरतो. त्याहून मोठा घेतला तर लहान हातांचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. रेषा बोथट पेन्सिलीने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून काढायची. टोकदार पेन्सिलीने फोम फाटतो आणि फाटलेली कड वर येऊन ठशात डाग पडतो. दाबलेली रेषा कागदावर पांढरी येते, ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही. म्हणून आधी अंगठ्याएवढ्या तुकड्यावर एक रेघ मारून ठसा काढू द्यावा.

कंगोऱ्यांसाठी वेगळी युक्ती आहे. एकच कंगोरा फोममधून कापून पुठ्ठ्याच्या ठोकळ्यावर चिकटवायचा आणि पट्टीच्या कडेने ओळीत उमटवत जायचा. अख्खा तट उभा राहतो. ओळीतली दोन ठशांमधली जागा सारखी ठेवण्याची सवय पुढे एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतल्या संकल्पचित्रालाही उपयोगी पडते.

सगळ्यात जास्त घोटाळा शाईचा होतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पोस्टर कलर रोलरवरच सुकतो, म्हणून चमचाभर रंगात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घालावेत. पाणी घालू नये. पातळ रंग दाबलेल्या रेषांत उतरतो आणि त्या बुजतात. गुळगुळीत टाइलवर रोलर फिरवताना बारीक चरचर आवाज आला की शाई बरोबर. पचपच आवाज आला तर जास्त झाली. मार्च-एप्रिलमध्ये हा तास घेऊच नये, दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

कागद पातळ हवा. जाड कार्ट्रिज पेपरवर नुसत्या हाताने ठसा नीट उठत नाही. रोलरने शाई लावलेल्या फोमवर कागद ठेवल्यावर एका हाताने धरून वाटीच्या तळाने मधून कडेकडे घासायचं. एक कोपरा उचलून बघायचा. फिकट असेल तर कागद न हलवता पुन्हा घासायचं. चाळीस मुलांच्या वर्गात रोलर दोनच ठेवावेत, शाईचं टेबल वेगळं आणि कोऱ्या कागदांचं वेगळं. नाहीतर प्रत्येक कागदावर बोटांचे ठसे आधी येतात.

देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग. कागदाला मधोमध आडवी घडी घालून उघडायची. वरच्या अर्ध्या भागात देवळाचा ठसा घ्यायचा, पायथा घडीला टेकलेला. शाई ओली असतानाच घडी पुन्हा मिटून घासायची. खालच्या अर्ध्यावर देऊळ उलटं आणि फिकट उमटतं, थोडं पुसटही होतं, आणि पाण्याला नेमकं तेच हवं असतं. इथे मात्र शाई किंचित जास्त लागते आणि हात चपळ लागतो.

ठसे दोरीवर चिमट्यांनी वाळत घालावेत. वाळल्यावर खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही. पाच ठसे काढले असतील तर पहिल्यावर 1/5 लिहायचं. फोमचे तुकडे लगेच ओल्या फडक्याने पुसले, तर पुढच्या तासाला दुसऱ्या रंगात पुन्हा वापरता येतात.