पावणेचार इंचांचा बाहुला

ज्याला आज सगळे ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात, त्याला आमच्या घरात ‘बाहुला’ म्हणत असत, आणि ते आजीमुळे. मी चौथीत असताना वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून नवी पेठेतल्या एका दुकानातून जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांच्या मालिकेतला ‘बीच हेड’ आणून दिला, तेव्हा तिने तो तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “ह्या बाहुल्याला कानटोपी कशाला रं घातलीय? आपल्याकडं कुठं येवढी थंडी हाय?” प्रश्न रास्त होता. डोळ्यांपुरती फट ठेवून तोंड झाकणारी ती टोपी सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे पाहणाऱ्यालाही गुदमरवून टाकत असे.

गंमत अशी की, ‘बाहुली’ हा शब्द टाळण्यासाठीच ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द जन्माला आला होता. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये पहिला जी. आय. जो बाजारात आणला, तेव्हा तो बारा इंच उंचीचा होता आणि त्याचे कपडेही बदलता येत असत. परंतु मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, निदान त्यांचे वडील ती विकत घेणार नाहीत, या धास्तीने कंपनीने त्याला हे नवे नाव दिले. 1982 मध्ये तो पावणेचार इंचांचा होऊन परत आला. आमच्याकडे आला तो हाच आकार, फनस्कूल कंपनीने भारतात तयार केलेला. इतक्या विचारपूर्वक घडवलेल्या शब्दाची वाट आजीने एका वाक्यात लावली.

मी त्याचे कार्टून पाहिलेले नव्हते. त्याच्याविषयी जे काही ठाऊक होते ते सगळे वेष्टनाच्या पुठ्ठ्यावरच्या माहितीपत्रावरून, आणि तेही इंग्रजीत असल्यामुळे शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या दादाकडून वाचून घेतलेले. बीच हेड म्हणजे शत्रूच्या किनाऱ्यावर उतरून सैन्याने पहिल्यांदा रोवलेला पाय, असे त्याने सांगितले. हा गडी अलाबामातल्या ऑबर्न गावचा. माझ्या भूगोलाची हद्द अक्कलकोटला संपत असल्यामुळे हे ऑबर्न त्याच्या थोडे पलीकडे असावे, अशी माझी समजूत होती. समुद्र मी पाहिलेला नव्हता. तेव्हा नळाला पाणी येऊन अंगणातला हौद भरला की त्याच्या काठावर बीच हेड उतरत असे आणि शेवाळावरून घसरून बहुधा पाण्यातच जात असे. बंदूक पहिल्याच आठवड्यात गटारीत गेली. पाठीवरची पिशवी त्यानंतर.

या बाहुल्याची खरी करामत त्याच्या पोटात होती. पाठीवर एक स्क्रू असे. तो काढला की छातीचे दोन भाग सुटत, हात आपोआप गळून पडत आणि आत एक काळी रबरी रिंग दिसे. त्या रिंगचे वरचे टोक छातीतल्या खुंटीला आणि खालचे टोक मांड्या धरून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्याला अडकवलेले असे. धडाला कमरेशी जोडणारे दुसरे काहीही नव्हते. त्याला बसवता, वाकवता आणि कमरेत फिरवता येत असे ते केवळ त्या रिंगच्या ताणामुळे.

वडील पूर्व भागातल्या एका लहानशा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे कारागीर, होते. मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसत असे. यंत्रमागांच्या खडखडाटात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू जात नसे. माग अडला की वडील वाकून त्याचे कुठे दुखते ते पाहत आणि लांब चोचीच्या बुधलीने दोन थेंब तेल सोडत, की धोटा पुन्हा धावू लागे. तेलाने सगळे सुधारते, हे ज्ञान मी तिथे मिळवले. बीच हेडची कंबर थोडी जड फिरते असे वाटल्यावर मी तीच बुधली घेऊन त्याच्या कमरेच्या फटीत तेल सोडले, आणि दोन थेंबांवर न थांबता चांगले भरपूर सोडले. पहिला दिवस झकास गेला. साधारण आठवड्याने हौदाच्या काठावर असतानाच तो कमरेतून निखळला. पाय माझ्या हातात आणि कानटोपीसकट धड हौदात.

वडिलांनी तो उघडला तेव्हा रिंग फुगून लिबलिबीत झालेली आणि एका जागी तुटलेली होती. खनिज तेलाने साधे रबर असे खराब होते, हे त्यांना व्यवसायामुळे ठाऊक होते. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्यांनी मला सायकलवर पुढे बसवून मोटारींचे आणि पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात नेले आणि तुटलेली रिंग काउंटरवर ठेवून ‘ह्या मापाची, तेलात टिकणारी’ रिंग मागितली.

“कुठल्या पंपाची?” दुकानदाराने विचारले.

वडील माझ्याकडे पाहू लागले. मी खिशातून आधी धड आणि मग पाय काढून काउंटरवर ठेवले.

“का बे, ह्यो काय पंप हाय व्हय?” असे म्हणून त्याने डबे उघडायला सुरुवात केली. अगदी त्याच मापाची रिंग मिळाली नाही; जी मिळाली ती किंचित जाड होती. त्याने पैसे मात्र घेतले नाहीत.

पुढे मी मोठा झालो, कारखाना बंद पडला, आणि अमेरिकेत ही मालिका 1994 मध्ये थांबल्यावरही फनस्कूलचे बाहुले निघत राहिल्यामुळे आणि त्यांतल्या काहींचे रंग मूळ बाहुल्यांपेक्षा फार वेगळे असल्यामुळे परदेशातले संग्राहक ते आवर्जून शोधतात, हे मला इंटरनेटवर समजले. (जी. आय. म्हटले की माझ्या मुलीला सोलापुरी चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन आठवते. शाळेत तेच शिकवले आहे.) या बाहुल्यांसाठी नेमक्या मापाच्या रिंगांची पाकिटेही ऑनलाइन मिळतात. मी अजून एकही मागवलेले नाही.

गेल्या संक्रांतीला, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बीच हेड सापडला. उजव्या हाताचा अंगठा नाही, नाकावरचा रंग उडालेला, पण धड आणि पाय एकत्र. वडिलांना आता बारीक वस्तू नीट दिसत नाहीत. मी तो त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी बोटांनी आधी त्याच्या पाठीवरचा स्क्रू चाचपला, मग कंबर फिरवून पाहिली. जाड रिंगमुळे ती पहिल्यापासूनच अर्ध्यावर अडते.

“परत तेल घातलंस काय?” त्यांनी विचारले.