अबालालांच्या पाण्याकाठी: कोल्हापुरात चित्रं काढायला दोन दिवस

माझं माहेर कोल्हापूरचं, शुक्रवार पेठेतलं. पंचगंगेचा घाट घरापासून चालत पाच मिनिटांवर. तरी गेली बारा वर्षं पुण्यात बसून मी हाच घाट फोटोंवरून रंगवत होते. या डिसेंबरात ठरवलं, फोन पिशवीत ठेवायचा आणि जिथलं चित्र तिथेच बसून काढायचं.

पहिल्या सकाळी थेट टाऊन हॉल गाठला. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा, फक्त सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या या दगडी इमारतीत कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. बहुतेक लोक ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघून पुढे जातात. ती बघाच. ब्रह्मपुरीची टेकडी आमच्या घाटाला लागूनच आहे, आणि समुद्राचा ग्रीक देव कधीकाळी तिथवर पोचला होता हे मनात ठेवून नदीकाठी बसलं की नदी वेगळी दिसते. पण अबालालांसमोर निदान तासभर उभं राहा. सावलीला कोणता रंग लावलाय, पाणी कुठे संपवलंय, ते वहीत टिपून घ्या.

मग कोटीतीर्थ तळं. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून अबालाल कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि या तळ्याचं पाणी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. आज भोवती वस्ती दाटली आहे. मी अडीच तास बसले. पहिला तास वाया गेल्यासारखा वाटला, आणि मग ढग सरकला, झाडांखालचं पाणी हिरव्याचं जांभळट झालं. टाऊन हॉलमधल्या चित्रांसमोर का थांबायचं, ते मला तिथे कळलं. टोपी, पाणी आणि बसायला पाट सोबत न्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला घाटावर. हिवाळ्यात नदीवर धुकं असतं, ते सुंदर दिसतं पण जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ ओला थर, वाळतच नाही. माझं पहिलं चित्र त्यात गेलं: आकाशाचा रंग ओघळून दीपमाळेत उतरला. त्यामुळे पहिला तास पेन्सिल किंवा कोळसाच वापरा, रंगाला ऊन वर आल्यावर हात घाला. ऊन शहराच्या बाजूने येतं, देवळांची नदीकडची अंगं बराच वेळ सावलीत राहतात. दगड काळा दिसतो म्हणून काळा रंग लावू नका. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळा, आणि पाण्याला टेकलेल्या पायरीला त्यात थोडा हिरवा. ओली पायरी आणि तिच्या वरची कोरडी पायरी यांच्यात जो फरक आहे, त्यातच सगळा घाट आहे. म्हशी धुवायला आलेला एक पोरगा बराच वेळ मागे उभा होता. "ताई, आमची म्हस न्हाई काढलीसा व्हय?" काढली मग.

पावसाळ्यात मात्र येऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्या खूप आधीच घाट पाण्याखाली असतो.

संध्याकाळी रंकाळा तलाव. रंकाळा टॉवरच्या बाजूने मावळतीकडे तोंड करून बसा, पाच वाजेपर्यंत जागा धरा, नंतर गर्दी होते. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा, म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात.

उजेडाचीच ओढ असेल, तर ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे दिवस निवडा. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि पायांपासून वर चढत जातं. तिथे कागद उघडता येणार नाही इतकी गर्दी असते. डोळ्यांत साठवा आणि बाहेर येऊन लगेच काढा.

घाटाचं दुसरं चित्र मी घरी भिंतीला टेकवून वाळत ठेवलं, २०१९ च्या पुराची रेघ आहे तिच्या खाली. आई स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "तिथं नको गं ठेवू, वर टांग. पाणी येतंय तिथवर."