कुरसुरावर पुन्हा: बाबांच्या शिपमेटांसोबत विशाखापट्टणमचे चार दिवस

माझे बाबा पाणबुडीला पाणबुडी म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी ती कायम 'बोट' असते, आणि नुसते 'आमची बोट' म्हटले की घरातल्या सगळ्यांना आयएनएस कुरसुरा एवढेच कळते. नौदलाच्या इलेक्ट्रिकल शाखेत असताना 1988 ते 1991 या काळात ते तिच्यावर होते. ही बोट 27 फेब्रुवारी 2001 रोजी सेवेतून निवृत्त झाली, तिला विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत काँक्रीटच्या पायावर आणून बसवले गेले आणि ऑगस्ट 2002 मध्ये ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. तेव्हापासून एकदा तरी तिच्यात परत जायचे, असे बाबा आणि त्यांचे शिपमेट, म्हणजे त्याच बोटीवरचे सोबती, एकमेकांना फोनवर सांगत आले होते. गेल्या डिसेंबरमध्ये, म्हणजे 2025 मध्ये, पाच जणांना ते जमले. सहावे काका ऑगस्टमध्येच वारले. त्यांच्या पत्नी मात्र आल्या, आणि त्या आल्यामुळे या भेटीला जे वजन आले ते अन्य कशाने आले नसते.

आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस धरली. ही गाडी सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा मार्गे जाते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास विशाखापट्टणमला पोहोचवते. विमान सोयीचे आहे हे खरे, पण सत्तरीच्या आसपासच्या दोन मित्रांना आमनेसामनेच्या बर्थवर एक दिवस एक रात्र मिळाली, तर प्रवासातच निम्म्या आठवणी बाहेर पडतात. आमच्यासोबत सोलापूरला एक काका चढले, आणि वाडी स्टेशन येईपर्यंत माझी अर्धी वही भरली होती. राहायला शक्यतो बीच रोडच्या जवळ जागा घ्यावी, म्हणजे वयस्कर मंडळींना दुपारी विश्रांती घेऊन पुन्हा चालत येता येते.

आमच्या नियोजनातली एक मोठी चूक आधीच सांगते. भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, 8 डिसेंबर 1967 रोजी सेवेत दाखल झाली, म्हणून 8 डिसेंबर हा पाणबुडी दिवस मानला जातो. आम्ही हौसेने तोच दिवस ठरवला. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि त्या वर्षी 8 डिसेंबर नेमका सोमवारी आला, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. त्यामुळे आदल्या दिवशी, रविवारी, सहलींच्या गर्दीत आम्ही एकदा आत जाऊन आलो. सोमवार बाहेरच गेला आणि मंगळवारी दुपारी दार उघडताच आम्ही पुन्हा गेलो. खरी भेट झाली ती मंगळवारी. मधल्या वारी संग्रहालय दुपारपासून रात्रीपर्यंत उघडे असते, आणि दुपारी दार उघडल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत शांत असतो. माजी नौसैनिकांना घेऊन जाणाऱ्यांनी तोच वेळ धरावा आणि रविवार टाळावा.

बोट 91.3 मीटर लांब आहे. बाहेरून ती एखाद्या इमारतीएवढी वाटते, पण आतल्या माणसाच्या वाट्याला येते ती एक अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना नळ, झडपा, तारा आणि बंक, म्हणजे झोपायच्या फळ्या. आत सात कंपार्टमेंट आहेत: पुढच्या टॉर्पेडो रूमपासून सुरुवात होते आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या, कंट्रोल रूम, गॅली म्हणजे स्वयंपाकघर, डिझेल इंजिने, मोटर रूम असे करत शेवटी मागची टॉर्पेडो रूम येते. पुढे सहा आणि मागे चार अशा दहा टॉर्पेडो नळ्या, एकूण 22 टॉर्पेडो आणि या सगळ्याच्या फटींत राहणारी 75 माणसे. एका कंपार्टमेंटमधून दुसऱ्यात जायला गोल दारे आहेत. त्यांतून जाताना आधी पाय उचलावा लागतो, मग कंबरेत वाकून डोके आत घ्यावे लागते. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांना ही दारे जड जातात, आणि मागून येणाऱ्या रांगेमुळे थांबणेही अवघड होते. आमच्यातल्या एका काकांचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले होते. तिकीट काढतानाच आम्ही तसे सांगितले, आणि मार्गदर्शकांनी आमच्या मागची तुकडी थोडी उशिरा सोडली. जवळ मोठी बॅग ठेवू नये, चपलेऐवजी घट्ट बूट घालावेत आणि फोटो-व्हिडिओचे नियम तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावेत.

इथले मार्गदर्शक स्वतः निवृत्त नौसैनिक आहेत, ही या संग्रहालयाची सर्वांत मोलाची गोष्ट. आम्हाला मिळालेल्या गृहस्थांना बाबांनी आपण कोणत्या साली बोटीवर होतो ते सांगितले, तेव्हा त्यांनी पाठ केलेली माहिती थांबवली, दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "सर, आज आप बताइए." नौदलातल्या लोकांची आपसातली भाषा हिंदीच, आमच्या पाच जणांत एक मराठी जोडी, एक ओडिया, एक मल्याळी आणि एक तेलुगू, आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या हिंदीत सगळे पुन्हा सहज उतरले.

मोटर रूममध्ये जे घडले ते मी विसरणार नाही. बाबांना आता संधिप्रकाशात नीट दिसत नाही. पण आत शिरताच त्यांनी मान न वळवता डावा हात मागे नेला आणि पॅनेलच्या कडेची एक मूठ बरोबर पकडली. बोट हेलकावे खाताना धरायची ती जागा होती. ओडिया काका हसले आणि त्यांनी समोरच्या बाजूची आपली मूठ पकडली. मी त्या क्षणापर्यंत बाबांना अनेकदा विचारले होते, की तुम्ही तिथे नेमके काय करत होता, आणि "बॅटरी बघायचो" एवढेच उत्तर मिळाले होते. आता ते उभ्या उभ्या सांगू लागले: रात्री बोट वर आणून, स्नॉर्टचा, म्हणजे हवा आत घेण्याचा, नळ पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिने चालवायची आणि बॅटऱ्या चार्ज करायच्या, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू साठतो म्हणून सतत त्याचे प्रमाण पाहायचे, आणि डेकखालच्या बॅटरीच्या पोकळीत आडवे होऊन, छातीवर विजेरी ठेवून, बॅटरीच्या एकेका सेलमधल्या आम्लाची घनता मोजत पुढे सरकायचे. हे मला घरी कधीच ऐकायला मिळाले नसते. जागेने ते त्यांच्याकडून काढून घेतले.

गॅलीजवळ काचेआड माणसांचे पुतळे मांडले आहेत. मल्याळी काका बोटीवर स्वयंपाकी होते. आपल्या जागी उभा केलेला तो पुतळा त्यांनी बराच वेळ पाहिला, आणि मग आमच्यासोबतच्या काकूंना सांगितले, की तुमचे यजमान रात्रीची वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपवून याच कोपऱ्यात चहाचा मग घेऊन बसायचे, कारण त्यांचा बंक ज्याच्यासोबत वाटून होता तो अजून झोपलेला असायचा. काकूंनी तो कोपरा हाताने चाचपून पाहिला. पतीच्या नोकरीची ही एवढी लहान गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळली होती.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी मुलाखत हॉटेलच्या खोलीत नव्हे, जहाजावरच घ्यावी. आत आवाज घुमतो आणि पंख्यांची घरघर असते, म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक सोबत न्यावा. मोठे प्रश्न विचारू नयेत. 'हे काय आहे?' आणि 'इथे कोण बसायचे?' एवढे दोन पुरतात. एका वेळी एकालाच बोलू द्यावे, हे मात्र पाच शिपमेट एकत्र असताना मला फारसे जमले नाही. आणि बोटीच्या कामगिरीबद्दल, मोहिमांबद्दल ते गप्प राहिले तर खोदून विचारू नये. गोपनीयतेचे बंधन निवृत्तीनंतरही असते आणि ही माणसे ते मनापासून पाळतात. कोणाकडे जुने तांत्रिक कागद निघाले तर त्यांची छायाचित्रे पसरवू नयेत.

दुसरा आग्रह फोटोंबद्दल. सोमवारच्या रिकाम्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आणलेले जुने फोटो एका टेबलावर मांडले. एका फोटोत बोटीच्या डेकवर 23 जण उभे आहेत. मागे कोणीही काहीही लिहिलेले नाही. तीन तासांत 19 नावे जमली. दोन नावांवरून वाद झाला, आणि तो काकूंनी मिटवला, कारण त्या माणसाची बायको क्वार्टर्समध्ये त्यांची शेजारीण होती. जहाजाच्या इतिहासात पत्नींची स्मरणशक्ती किती कामाची असते, हे तिथे दिसले. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे. लॅमिनेशन करू नये. 600 डीपीआयवर स्कॅन करून नावे, अंदाजे साल आणि ती कोणी सांगितली, हेही नोंदवावे.

हरवलेल्या शिपमेटांना शोधण्यासाठी नावापेक्षा नौदलातला पर्सनल नंबर अधिक उपयोगी ठरतो, म्हणून ज्याच्या जुन्या वहीत जे नंबर असतील ते आधी एकत्र करावेत. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत माजी सैनिकांची नोंद असते. ते कोणाचा पत्ता देत नाहीत आणि देऊही नये, पण आमचे पत्र पुढे पोहोचवण्याची विनंती एका कार्यालयाने मान्य केली. आमच्या यादीत आम्ही एक नियम ठेवला आहे: कोणी गेले तरी ते नाव काढायचे नाही, त्यापुढे पत्नीचा किंवा मुलांचा नंबर जोडायचा.

आजूबाजूचे थोडक्यात सांगते. जवळच 1971 च्या युद्धाचे 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आहे. तिथे सकाळी लवकर जावे. रस्त्यापलीकडे टीयू-142 या टेहळणी विमानाचे संग्रहालय आहे, तेही पाहण्याजोगे आहे. नौदल दिनाची मोठी प्रात्यक्षिके पाहण्याच्या आशेने 4 डिसेंबरचा बेत आखणाऱ्यांनी आधी ठिकाण तपासावे, कारण 2023 मध्ये ती सिंधुदुर्गात झाली आणि 2024 मध्ये पुरीला.

कुरसुराच्या बरोबरीने आलेल्या कलवरी, खांदेरी आणि करंज या तिन्ही बोटींची नावे नव्या पाणबुड्यांना मिळाली. मराठ्यांच्या जलदुर्गाचे नाव घेऊन नवी खांदेरी 2019 मध्ये सेवेत आली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले होते. कुरसुराचे नाव कोणाला मिळालेले नाही. सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात 18 डिसेंबर 1969 रोजी सेवेत आलेली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातलेली आणि 31 वर्षांत 73,500 सागरी मैल कापलेली ती बोट तीच आहे, तिच्याच पोलादासह, आणि बाबांना याचा अभिमान आहे.

2026 मध्ये 8 डिसेंबर मंगळवारी येतो. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची आठवण मी आत्ताच लावून ठेवली आहे. फोटोतल्या चार कोऱ्या जागांपैकी एका जागेचे नाव तेलुगू काकांना परतल्यावर आठवले. त्या नावाचे ते शिपमेट काकीनाड्याला राहतात असे समजले आहे, आणि त्यांना पत्र गेले आहे.