जिन्याखालचे मीटर

दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये खोली दाखवायला नेलं की आई-बाप आधी खिडकी बघतात, मग संडास, मग घरमालक शाकाहारी आहे का ते विचारतात. मुलं वायफाय बघतात. यंदा जूनमध्ये परभणीहून आलेले काका खोलीपर्यंत आलेच नाहीत. मुलगी माझ्यामागून तिसऱ्या मजल्यावर चढली, मी कुलूप काढलं, वळून बघतो तर जिना रिकामा. खाली उतरलो. काका जिन्याखाली उकिडवे बसले होते आणि लेकराचा ताप बघावा तशी उजव्या हाताची पाठ मीटरच्या पेटीजवळ धरून होते.

"वर किती खोल्या हायेत?"

"अकरा."

"आन एसी?"

"अकरा."

"मंग ही नको."

काका वीज मंडळात लाईनमन, सत्तावीस वर्षं खांबावर काढलेली. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या यादीतली सगळ्यात चांगली खोली आत पाऊलही न टाकता गेली.

आमच्या धंद्याला इथे प्रॉपर्टी डीलर म्हणतात. माझं गिऱ्हाईक म्हणजे यूपीएससीला आलेली मराठी मुलं. दलाली पंधरा दिवसांचं भाडं. दिल्लीतल्या डीलरांबद्दल जे ऐकलं असेल ते बहुतेक खरं आहे: खोली संध्याकाळी सातनंतर, तासभर एसी चालवून ठेवून दाखवायची, म्हणजे वरच्या मजल्याचा ताप कळत नाही. मी दुपारी दोनलाच दाखवतो. या गोष्टीचा मला अभिमान होता.

घरून फोनवर सगळे एकच आकडा विचारतात, भाड्याचा. माझ्या वहीत भाड्याचा रकाना तिसरा आहे. पहिला क्लास कुठे आणि कोणत्या माध्यमाचा, दुसरा रात्री किती वाजता सुटतो. हिंदी माध्यम असेल तर मुखर्जी नगर आणि त्याला लागून नेहरू विहार. तिथे सहा ते नऊ हजारांत सुटी खोली मिळते. इंग्रजी माध्यमाचे मोठे क्लास ओल्ड राजिंदर नगर आणि करोलबागेत. नेहरू विहारात राहून इथे क्लास करायचा म्हणजे मेट्रो बदलत रोजचे दोन तास गेले. ते वाचवायला इथेच राहिलं तर प्लायवूडच्या पार्टिशनची नऊ बाय आठची खोली बारा हजार, रस्त्याकडे खिडकी असलेली सोळा ते अठरा. जरा पश्चिमेला सरकलं की पटेल नगर, साडेनऊ ते बारा. शादी खामपूर आणि रणजित नगर सात ते नऊ. तोडापूर, दसघरा सहापासून.

आता विजेचं बघा. दिल्लीत घरगुती विजेचा मूळ दर टप्प्याटप्प्याने ३ ते ८ रुपये युनिट, वर अधिभार, आणि महिन्याला २०० युनिटपर्यंत अनुदानामुळे बिल शून्य. हे ऐकून मराठी पालक खूश होतात. पण अनुदान मीटरला मिळतं आणि मीटर घरमालकाच्या नावावर असतो. खोलीत सबमीटर आणि सरसकट अकरा रुपये युनिट. दीड टनी एसी तासाला सव्वा ते दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला तीनशेच्या वर, म्हणजे साडेतीन हजार भाड्याखेरीज. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तिथे एसीचा कॉम्प्रेसर थांबतच नाही. म्हणून चौथ्या मजल्यावरची दीड हजारांनी स्वस्त खोली उन्हाळ्यात तेवढेच पैसे विजेतून परत काढते. पुढे लायब्ररीची सीट अडीच हजार, डबा साडेतीन. आधी ही बेरीज, मग वस्ती. एवढं मी कागदावर मांडून दिलं की लोक म्हणतात, चला, हा माणूस प्रामाणिक आहे.

काकांनीही कागद वाचला. घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "हिशेब बरोबर हाय. पन तुम्ही वर जायचा हिशेब केलाय."

मग त्यांनी मला ती पेटी दाखवली. पाच वर्षं मी तिच्यावरून रोज जात होतो. लाकडी फळीवर चार मीटर, मजल्याला एक. खांबावरून आलेली जुनी ॲल्युमिनियमची केबल आणि तिथून चार मीटरना जाणाऱ्या तांब्याच्या वायरी. जिथे जोड होता तिथे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) नव्हता, कनेक्टर नव्हता. नुसता पीळ मारून वर काळी टेप. टेप एका बाजूने वितळून चकाकत होती आणि मागच्या भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी डाग. डाग धुळीचा असेल असं मी आजवर समजत होतो.

"भार जास्त हाय हे खरं दुखणं न्हाई," काका म्हणाले. "वायर सोसती. दुखणं जोडात आसतं." अकरा एसी दीड किलोवॅटने धरले तर साडेसोळा किलोवॅट, एका फेजवर सत्तर अँपिअरच्या आसपास, आणि ते सगळं त्या पिळातून. एसी चालू झाले की जोड तापतो, फुगतो. बंद झाले की गार होतो, आखडतो. रोज केसभर सैल. ॲल्युमिनियमवर गंज चढतो, गंजाने आणखी तापतो. वीजबिल मागवून त्यांनी मंजूर भार वाचला: मीटरला ३ किलोवॅट. एका मजल्याचे तीन एसीच साडेचारचे. मालकाने भार वाढवून घेतला तर महिन्याचा स्थिर आकार वाढतो आणि नवी केबल लागते, म्हणून तो घेत नाही.

पेटीखाली तीन स्कूटर होत्या. ही वसाहत फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेली. प्लॉट लहान, त्यावर आता चार मजले, गाडी लावायला जिन्याखालची जागा सोडून दुसरी नाही. जोड पेटला की ठिणगी सीटच्या फोमवर पडणार, खाली पेट्रोल. जिना एकच, तीन फुटी, खालून वर सरळ, म्हणजे धुराडंच. गच्चीच्या दाराला कुलूप, कारण टाक्या मालकाच्या आणि मुलं वर सिगारेट ओढतात. खिडक्यांना पक्की जाळी, मधल्या खोल्यांच्या खिडक्या तर इमारतीतल्या हवेच्या शाफ्टमध्ये. आणि निवासी इमारत १५ मीटरच्या आत असली, खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे नुसत्या खांबांवरचा पार्किंगचा तळमजला, असेल तर साडेसतरा, की अग्निशमन दलाचा दाखलाच लागत नाही. कागदावर हे घर आहे. आत अकरा मुलं अकरा कुलपं लावून राहतात.

मुखर्जी नगरची आग १५ जून २०२३ ची. क्लासच्या इमारतीत मीटरपासून धूर झाला आणि मुलं दोर आणि वायरी धरून खिडक्यांतून उतरली. ते व्हिडिओ मीही पाहिले होते, पुढे पाठवलेही होते. २७ जुलै २०२४ ला इथल्या तळघरातल्या लायब्ररीत पाणी भरून तीन विद्यार्थी गेले. त्यानंतर महापालिकेने तळघरं सील केली आणि लायब्रऱ्या वरच्या मजल्यांवर चढल्या. आता पालक फोनवर हमखास विचारतात, "तळघर नाही ना?" मी अभिमानाने सांगतो, नाही. तिसऱ्या मजल्याचं कुणी विचारत नाही.

दुसऱ्या घरी मीटर ठीक होते, पण खाली एक इलेक्ट्रिक स्कूटर पिवळ्या एक्स्टेंशनवर चार्जिंगला लावलेली. काकांनी प्लगला हात लावून बघितला आणि बाहेर आले. तिसऱ्या घरी मालक भडकला: "अंकलजी, तीस साल से ऐसे ही चल रहा है, आज तक कुछ हुआ?" काकांना हिंदी येते, पण उत्तर त्यांनी मराठीत मला दिलं. "जळायच्या आदल्या दिवशीबी जोड आसंच म्हनतो."

बजेट बारा हजारांचं, त्यामुळे तोडापूरला नेलं. तिथे मीटर बाहेरच्या भिंतीवर, उंच, मोकळे. काका पहिल्यांदा खूश दिसले. मग गल्लीत उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले. बोटं दोन्ही भिंतींना टेकली. ही मुळातली गावं, लाल डोऱ्याच्या आतली. गावठाणाची हद्द दाखवायला महसुली नकाशावर लाल रेघ मारली, तिच्या आत बांधकामाचे नियम सैल राहिले, आणि बैलगाडीच्या वाटेवर पाच मजले आले. भाडं इथे कमी आहे ते यामुळेच. बंब सोडा, स्ट्रेचर वळत नाही. बेर सराय, कटवारिया सराय, मुनीरका, दक्षिणेकडच्या स्वस्त म्हणून सांगतात त्या सगळ्या वस्त्यांत हेच.

संध्याकाळी साडेपाचला वेस्ट पटेल नगरात पाचवी खोली. दुसरा मजला, मीटर दर्शनी भिंतीवर, जिना पुढून उघडा, गच्चीला नुसती कडी. साडेअकरा हजार. काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायले. मी मनात पावती फाडायला घेतली.

मुलगी तोवर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "क्लास नऊला सुटतो पप्पा. इथून पंचवीस मिनिटं."

"रिक्षा की."

"रोज?" ई-रिक्षा शेअरमध्ये वीस रुपयांत येते, पण नवानंतर भरायला वेळ लागतो. मेट्रो दोनच स्टेशनं, पण दोन्ही टोकांना चालायचं. तिने येतानाच बघून ठेवलं होतं की मधल्या पट्ट्यात दुकानं आठला बंद होतात आणि दारूच्या दुकानापुढे गर्दी असते. मग म्हणाली, "आग रोज लागत नाही. रस्ता मला रोज चालायचाय."

काका गप्प. मीसुद्धा. माझ्या वहीत क्लास सुटण्याची वेळ दुसऱ्याच रकान्यात आहे आणि तरी पंचवीस मिनिटांची खोली मी सुटकेच्या भरात दाखवली होती. बापाचं बरोबर होतं, मुलीचंही बरोबर होतं, आणि दोघांचं एकाच वेळी बरोबर ठरेल अशी खोली बारा हजारांत या शहरात माझ्याकडे नव्हती.

आठ वाजता पुन्हा ओल्ड राजिंदर नगर. क्लासपासून सहा मिनिटं, पहिला मजला, रस्त्याकडची खोली, सोळा हजार. मीटर जिन्याखालीच, पण जोड पक्का, लग मारलेले. खाली दोन स्कूटर. खिडकीला जाळी नाही, बाहेर हातभर छज्जा. काका छज्ज्यावर उतरले, कठड्यावरून वाकले, खालचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग मुलीला बोलावून दाखवलं: कुठे धरायचं, तोंड भिंतीकडे ठेवून पाय आधी सोडायचे, उडी मारायची नाही, लोंबकळायचं. "हितून पाय मोडंल. जीव न्हाई जायचा." मुलगी हसली. मग तिने एकदा खरंच कठडा धरून बघितला.

घासाघीस करून पंधरा झाले. एका महिन्याचं डिपॉझिट, शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार. आपल्याकडे महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची, त्यामुळे काका "ऑनलाईन न्हाई का करायचं?" विचारत राहिले, इथे बारा महिन्यांच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, म्हणून तर सगळे अकराचे. पोलीस पडताळणीचा फॉर्म मी भरला. दलाली साडेसात हजार. घेतली.

काकांनी मालकाकडून एकच गोष्ट तोंडी कबूल करून घेतली, मीटरखाली गाडी नको. मालकाने त्यांच्यासमोर दोन्ही स्कूटर बाहेर रस्त्यावर काढल्या. दुसऱ्या दिवशी सचखंड एक्स्प्रेसने काका परत गेले.

त्या आठवड्यात मी टॉर्च घेऊन फिरलो. गेल्या दोन वर्षांत मी लावून दिलेल्या एकेचाळीस खोल्या, सव्वीस जिने. एकोणीस ठिकाणी मीटरखाली गाड्या. नऊ ठिकाणी गच्चीला कुलूप. डाग मला सहा ठिकाणी दिसले; पीळ आणि लग यातला फरक अजून मला नीटसा ओळखता येत नाही, त्यामुळे सहाच असतील असं नाही. दोन मालकांनी वायरमन बोलावला. एकाने माझं काम बंद केलं. मुलांना सांगितलं तर एकजण म्हणाला, "दादा, प्रिलिम होऊ दे, मग बघू." त्याचं डिपॉझिट अडकलेलं आहे आणि इथून सहा मिनिटांवर त्याचा क्लास आहे. मी त्याला कुठली वस्ती सांगू?

वहीत चौथा रकाना केलाय: उतरायची वाट. नव्या गिऱ्हाईकाला तो वाचून दाखवतो तेव्हा लोक चेहरा बघतात आणि विचारतात, वायफाय किती एमबीपीएस.

काकांचा फोन दर रविवारी येतो. मुलीची चौकशी ते मुलीकडेच करतात. मला एवढंच विचारतात, "खाली गाड्या हायेत का?" दोनदा मी जाऊन बघून सांगितलं. गेल्या रविवारी न बघताच म्हणालो, नाही काका, मोकळं आहे. रात्री साडेदहाला जाऊन आलो. दोन होत्या.