तुम्ही विचारलंत म्हणून: कोणत्या कंपनीचा कॅम चांगला?

"काकाजी, कोन्त्या कंपनीचा कॅम सगळ्यात भारी, सांगा न जी." हा प्रश्न मला वरोऱ्यात, भद्रावतीत, चिमूरच्या बाजारात आणि लग्नाच्या पंगतीत वरण वाढलं जात असतानाही विचारला गेला आहे. विचारणारे बहुतेक बुलेटवाले पोट्टे, मधूनच ताडोब्याला जिप्सी चालवणारा एखादा. इंजिनं उघडणं हाच माझा धंदा, त्यामुळे माझ्याकडे एक नाव तयार असेल अशी त्यांची समजूत. नाव मिळालं की मोबाइलवर किंमत बघायची आणि मागवून टाकायचं. तेवढ्या घाईत उत्तर देता येत नाही, म्हणून सावकाश लिहितो.

कॅम काय करतो हे बहुतेकांना माहीत असतं, तरी दोन ओळी. कॅम म्हणजे इंजिनातला एक शाफ्ट. त्यावर उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणायचं. क्रँकचे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि त्या एका फेऱ्यात लोब व्हॉल्व्हला, म्हणजे झडपेला, ढकलून उघडतो. किती उघडतो ती लिफ्ट, किती अंश उघडा ठेवतो ते ड्युरेशन, इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) दोन्ही एकाच वेळी किती अंश उघडे असतात तो ओव्हरलॅप. परफॉर्मन्स कॅम म्हणजे हे आकडे वाढवलेला कॅम. आकडे वाढले की वरच्या आरपीएमला इंजिन जास्त हवा घेतं आणि खालच्या आरपीएमला थोडं मरतं. यातून कोणतीच कंपनी सुटलेली नाही.

आता कंपन्यांची तुलना करताना लोक दोन गोष्टींची सरमिसळ करतात. एक लोबचा आकार, म्हणजे प्रोफाइल. दुसरी बनावट: लोखंड कोणतं, कडक कसं केलं, घासाई किती अचूक. प्रोफाइल आवडीनिवडीचा आणि वापराचा प्रश्न आहे. बनावट मोजता येते. "अमक्याचा कॅम फालतू निघाला" असं कोणी म्हटलं की मी पहिलं विचारतो, बाबा, गाडी खालच्या स्पीडला ओढत नाही की लोब खाल्ला? पहिलं असेल तर कॅम कदाचित उत्तमच आहे, तुझ्या रस्त्याचा नाही.

मोठी नावं अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमध्ये एड इस्केंडेरियन यांनी कॅम घासायला सुरुवात केली, हार्वे क्रेन यांनी १९५३ मध्ये फ्लोरिडात, मेम्फिसची कॉम्प कॅम्स १९७६ ची. इंग्लंडात केंट आणि पायपर, जर्मनीत श्रिक, बेल्जियममध्ये कॅट कॅम्स. जपानमध्ये योशिमुरांनी होंडा आणि कावासाकीच्या मोटरसायकलींच्या कॅमवर नाव कमावलं. पण क्रेनचं पुढे काय झालं पाहा. २००९ मध्ये कंपनी बंद पडली, मालमत्ता विकली गेली, नाव हात बदलत राहिलं आणि आता ते कॉम्पच्याच गटात आहे. शिवाय अमेरिकेतले कितीतरी कॅमवाले स्वतः ओतकाम करत नाहीत. कच्चा ओतीव कॅम मोजक्याच ठिकाणांहून येतो, आणि वेगवेगळी नावं त्यावर आपापला लोब घासतात. कपाशीच्या बियाण्यासारखं आहे हे: पाकिटावरचं नाव ओळखीचं, आतला लॉट कुठला ते पाकीट सांगत नाही.

आणि ही सगळी मंडळी प्रामुख्याने त्यांच्याकडच्या गाड्यांसाठी बनवतात. माझ्याकडे येणाऱ्या पोट्ट्याकडे ३४६ सीसीची जुनी बुलेट असते. तिच्यासाठी कॉम्प की क्रेन हा वाद म्हणजे नुसती करमणूक.

ज्याला खरोखर बाहेरचं नाव हवंच आहे त्याला सांगतो. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटसाठी इंग्लंडचं हिचकॉक्स. त्यांचं सगळं दुकानच रॉयल एनफिल्डवर उभं आहे, आणि कॅमबरोबर आणखी काय बदलावं लागेल हेही ते सांगतात. एनफिल्डच्याच दोन सिलिंडरच्या ६५० ट्विनसाठी अमेरिकेतलं एस अँड एस आणि इंग्लंडचं टेक. एस अँड एस १९५८ पासून मोटरसायकलींच्या इंजिनात आहे, कॅम हा त्यांचा जुना विषय. या तिघांच्या मालाबद्दल मला शंका नाही. शंका असते ती इथे येईपर्यंत डब्यात तोच माल राहिला का याची.

आपल्याकडचं सांगायचं तर सोलापूरचं नाव घ्यायलाच हवं. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तिथे १९९२ पासून आहे, आणि जगातल्या बड्या मोटार कंपन्यांना कॅम पुरवते. म्हणजे उत्तम कॅम महाराष्ट्रातच बनतो, फक्त तो थेट मोटार कंपनीच्या कारखान्यात जातो, रेसिंगच्या चकचकीत डब्यात येत नाही. तिथला मुख्य प्रकार चिल्ड कास्ट आयर्न. साच्यात जिथे लोब येणार तिथे आधीच धातूचे तुकडे ठेवतात. वितळलेलं लोखंड त्यांना भिडलं की तेवढाच भाग झटकन थंड होतो आणि त्याचं पांढरं, अतिशय कडक लोखंड बनतं. आतला भाग मऊ राहतो, त्यामुळे शाफ्ट ठिसूळ होत नाही. लोब झिजत नाही तो या कातडीमुळे.

म्हणूनच आपल्या भागात 'स्टेज टू कॅम' म्हणून जे विकलं जातं त्याची मला काळजी वाटते. त्यातला मोठा हिस्सा हा कंपनीचाच जुना कॅम पुन्हा घासलेला असतो. लोबला वरून लोखंड जोडता येत नाही, म्हणून खालचा गोल भाग, बेस सर्कल, घासून लहान करतात. टोक तिथेच, बूड खाली गेलं, म्हणून लिफ्ट वाढली. युक्ती जुनी आहे आणि मोठमोठ्या लोकांनी वापरली आहे, त्यात लबाडी काही नाही. पण किती घासलं याला मर्यादा आहे. कडक थर संपला की खाली मऊ लोखंड लागतं. वरून फक्त कडक केलेल्या स्टीलच्या कॅमला तर हा थर जेमतेम मिलिमीटरभर असतो. मग गाडी महिनाभर छान पळते आणि एक दिवस टॅपेट, म्हणजे लोबवर चालणारा ठोकळा, वाजायला लागतो. शिवाय बूड खाली गेल्यामुळे पुशरॉड, म्हणजे टॅपेटची चाल वर व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा, तेवढा आखूड पडतो. जुन्या बुलेटला तो ॲडजस्टरने भरून काढता येतो. २००८ नंतरच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारा टॅपेट आहे, त्याच्या पिस्टनची चाल थोडी. ती चाल संपली की लिफ्टर कितीही चांगला असो, वाजणारच.

दुसरा जादूचा शब्द 'बिलेट'. अखंड सळीतून सीएनसीवर कोरलेला कॅम. ऐकायला भारदस्त, पण कोरल्यावर कडक कसा केला हे विक्रेता सांगत नसेल तर त्या शब्दाला किंमत नाही. कार्बराइझ केला (वरच्या थरात कार्बन मुरवून) की नायट्राइड (नायट्रोजन मुरवून)? आणि त्याच्यावर घासणारा टॅपेट कशाचा? कॅम आणि टॅपेट ही जोडी आहे. दोन वेगवेगळ्या प्रकारचे कडक पृष्ठभाग एकमेकांवर नीट चालतात, एकाच जातीचे दोन कधी कधी एकमेकांना ओरबाडतात. नव्या कॅमला जुना टॅपेट लावणं तर मी करतच नाही. जुन्या टॅपेटच्या तळव्यावर जुन्या लोबची वाट पडलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, टॅपेट ठीक दिसतो. दिसतो खरा.

कॅमवर काळपट मळकट थर असेल तर तो खराब नाही. तो फॉस्फेटचा लेप, सुरुवातीला तेल धरून ठेवायला. त्याने लोब कडक होत नाही. आरशासारखा चमकणारा कॅम बघून मात्र लोक भुलतात.

मी काय बघतो ते सांगतो, यासाठी परदेशी नाव लागत नाही. व्ही-ब्लॉक (शाफ्ट ठेवायचा खाचेचा ठोकळा), डायल गेज (सुईचं मोजमापयंत्र), मायक्रोमीटर. कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून सावकाश फिरवायचा आणि बेस सर्कलवर सुई किती हलते ते बघायचं. दोन-तीन शतांश मिलिमीटरपर्यंत मी चालवून घेतो. त्यापुढे सुई नाचली तर टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना ठेवायची फट, कुठेही सेट करा, एकदा सैल, एकदा घट्ट. जुन्या बुलेटमध्ये हे लगेच कळतं. तिथे इंजिन थंड असताना गॅप शून्य ठेवतात: पुशरॉड बोटाने सहज फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. बेस सर्कल वाकडं असेल तर एका जागी फिरतो, थोडा क्रँक फिरवला की अडकतो. नवा पोरगा बिचारा तासभर पाना फिरवत बसतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

त्यानंतर लिफ्ट मोजून कॅमबरोबर आलेल्या माहितीच्या कार्डशी ताडायची. लोबवर नखाने आडवं खरवडायचं, बारीक लाटा लागल्या तर घासताना चाक थरथरलं आहे. वापरात न येणाऱ्या कडेला बारीक कानस लावून बघायची: कानस घसरली तर कडकपणा आहे, चावली तर कॅम परत. हार्डनेस टेस्टर आमच्या गावात नाही, पण कानस काम भागवते. जुन्या बुलेटला इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे, प्रत्येकाचं गिअर वेगळं, म्हणून स्पिंडलवरची त्यांची बसणूक आणि दात एकमेकांत कसे बसतात तेही बघावं लागतं. घट्ट बसले तर गिअर वूं करतं आणि आवाजाचं खापर सायलेन्सरवर फुटतं.

आता कार्ड. चांगल्या कॅमबरोबर एक कार्ड येतं आणि माझ्या मते कंपनी ओळखायची तर त्यावरून. त्यावर लिफ्ट, ड्युरेशन, इनटेक कोणत्या अंशाला उघडतो आणि बंद होतो, गॅप किती ठेवायची, हे सगळं असतं. पण ड्युरेशनचा आकडा कुठून मोजला ते लिहिलेलं हवं. व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजलं तर २७० अंश येतील, आणि त्याच कॅमचं ड्युरेशन टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलल्यापासून मोजलं तर २२० च्या आसपास. अमेरिकेत दोन्ही आकडे छापायची पद्धत आहे, जपानी लोक बऱ्याचदा एक मिलिमीटरवर मोजतात. पोट्टे एका कंपनीचा २७० आणि दुसरीचा २३० शेजारी ठेवून '२७० वाला भारी' म्हणतात. तो २३० कदाचित दोघांतला जास्त आडदांड कॅम असेल. ज्या डब्यात कार्डच नाही, फक्त आग ओकणाऱ्या कवटीचं स्टिकर आहे, तो डबा मी उघडतही नाही.

गॅपचा आकडा तर सर्वांत दुर्लक्षित. लोबच्या चढणीच्या सुरुवातीला एक हळुवार उतार असतो, तो व्हॉल्व्हला धक्का न देता उचलतो आणि अलगद सीटवर ठेवतो. हा उतार ठरावीक गॅप धरूनच काढलेला असतो. कार्डावरची गॅप सोडून मनाची ठेवली की व्हॉल्व्ह सीटवर आपटतो. महागड्या कॅमची बदनामी बरीचशी इथून होते.

कॅम बसवल्यावरची पहिली वीसेक मिनिटं महत्त्वाची. अमेरिकी कॅमवाले सांगतात, इंजिन चालू करताच २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, आयडल करू नका. कारण असं की मंद फिरताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा पूर्ण भार लोबच्या टोकावर येतो आणि तेलही कमी उडतं. पण तो नियम पाण्याने थंड होणाऱ्या मोटारींचा. हवेने थंड होणारी बुलेट मे महिन्यात चंद्रपूरच्या पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत जागेवर उभी ठेवून इतका वेळ रेस केली तर कॅम वाचेल आणि पिस्टन जाईल. म्हणून पहाटे, लोबला घट्ट वंगण लावून, किक मारून थेट रस्त्यावर काढायची, मोकळ्या रस्त्याने, मध्यम थ्रॉटलवर. तेल मोटरसायकलचंच. मोटारींच्या नव्या तेलांत झिंक आणि फॉस्फरस कमी केलं आहे, कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. सपाट टॅपेटला मात्र तेच वाचवत असतं.

स्प्रिंगचं थोडक्यात: लिफ्ट वाढली की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे मोजल्याशिवाय किक मारायची नाही.

राहिले जिप्सीवाले. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. १२९८ सीसीचं इंजिन, मागे सहा पर्यटक, गाइड, जंगलातला कच्चा रस्ता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं. त्याला ताकद हवी ती खालच्या आरपीएमला, आणि जास्त ड्युरेशनचा कॅम नेमकी तीच खातो. वर आयडल खडबडीत होतो, आणि वाघ समोर बसलेला असताना गाडी गुरगुरायला लागली तर पर्यटक काय म्हणतील ते वेगळंच. त्यांच्या गाड्या उघडल्या की बऱ्याचदा लोबच झिजलेला सापडतो. कंपनीचा नवा कॅम आणि व्हॉल्व्ह सीट ग्राइंडिंग केलं की तोच माणूस विचारतो, "काकाजी, कोन्ता रेसिंग कॅम टाकला?" बुलेटच्या 'पिकअप गेला' या तक्रारीतही निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं.

तेव्हा मला डब्याचा फोटो पाठवू नका. कार्डाचा पाठवा, त्यावर गॅप आणि ड्युरेशन कुठून मोजलं ते वाचता येईल असा, आणि येताना जुना कॅम, दोन्ही टॅपेट आणि पुशरॉड कागदात गुंडाळून आणा. टॅपेटवर इनटेक-एक्झॉस्ट लिहून ठेवा.