क्रियापदात शिरलेला वाघ

काम तसं सरळ होतं, वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं फोडायची आणि शीटमध्ये भरायचं की नाम क्रियापदाच्या आत शिरतं का, शिरलं तर कुठलं. सकाळी क्लासिकल नाहुआट्ल, म्हणजे मेक्सिकोतली अॅझ्टेक लोकांची जुनी भाषा, घेतली होती. तिथे 'मी मांस खातो' दोन तऱ्हेने म्हणता येतं: निक्क्वा इन नाकात्ल, किंवा नुसतं निनाकाक्वा. पहिल्यात नि म्हणजे मी, क म्हणजे ते, क्वा म्हणजे खाणं, आणि मांस बाहेर वेगळं उभं. दुसऱ्यात मांस आत गेलं की तो क जातो, कारण कर्माची जागा भरली ना! मला हे इतकं सुंदर वाटतं की प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबतेच.

दुपारी सोरा काढली. ही मुंडा कुळातली, ओडिशा आणि आंध्रच्या डोंगराळ भागात बोलतात. इथे नाम आत जाताना तोकडं होतं, म्हशीला बोङतेल पण क्रियापदात फक्त बोङ.

आणि मग समोर आलं ञमकिडतम.

ञम पकडणं, किड वाघ. आता कुणीही म्हणेल 'वाघ पकडणं', कर्म आत, पुढची ओळ. पण शेवटचा अम म्हणजे 'तुला'. पकडला जाणार तू, मग वाघ कर्म कसा असेल? अर्थ निघतो 'वाघ तुला पकडेल', म्हणजे आत बसलाय तो कर्ता!

जगभर सहसा कर्म आत जातं, कधी पडणं-वाहणं अशा क्रियापदांचा कर्ता, काही ठिकाणी हत्यार किंवा जागा. पण दुसऱ्यावर काही करणारा कर्ता आत जात नाही असं मानतात, आणि भाषाशास्त्रज्ञ मार्क बेकर यांनी 1988 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात तर तो जाऊच शकत नाही. शेजारची सहकारी म्हणाली, "अगं एकच वाक्य आहे, वाक्प्रचार म्हणून बाजूला ठेव." मला ते अजिबात पटलं नाही. वाक्प्रचार असला तरी तो त्याच भाषेचे प्रत्यय लावून बनलाय, आणि अम तर अगदी ढळढळीत दिसतोय, नियमाला अडचण होते म्हणून भाषेचं वाक्य झाकायचं हे मला मुळीच मान्य नाही.

बराच वेळ वाद झाला. शेवटी ओळ ठेवली, 'कर्ता' असंच लिहून, आणि शीटमध्ये नवा कॉलम टाकला: नाम आत असताना क्रियापदावर अजून कोणाची खूण आहे. आधीच्या सगळ्या भाषा आता त्या कॉलमसाठी परत बघायच्यात, सुरुवात रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोर्याक भाषेपासून.